शेजारच्या शिवारात गारा, आपल्याकडे कडक ऊन: वऱ्हाडावर दोन हवा भेटतात तेव्हा नेमकं काय होतं?

११ फेब्रुवारी २०१८, रविवार. जालना, बीड, बुलढाणा, अकोला, अमरावती अशा मराठवाडा आणि विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांत त्या दिवशी गारपीट झाली. सोंगणीला आलेला हरभरा आडवा झाला, गव्हाच्या ओंब्या झडल्या, संत्र्याच्या बागांत झाडाखाली फळांचा आणि पानांचा सडा पडला. गारपिटीचं कारण मात्र हवामान खात्याच्या भाषेत एका ओळीत मावणारं होतं: पूर्वेकडून येणारे दमट वारे आणि पश्चिमेकडून येणारे कोरडे वारे मध्य भारतावर एकत्र आले.

ही ओळ दर वर्षी फेब्रुवारी ते मे या काळात बातम्यांमध्ये दिसते. कधी तिला 'वारा खंडितता' म्हणतात, कधी 'द्रोणीय स्थिती', तर कधी 'विदर्भापासून कर्नाटकपर्यंत हवेच्या कमी दाबाचा पट्टा'. व्हॉट्सॲपवर मात्र तिचं होतं 'उत्तरेकडून कोल्ड फ्रंट येतोय, सावधान!' यातलं खरं काय? दोन वारे एकत्र आल्यावर गारा का पडतात? आणि तिवस्यात गारा पडत असताना नदीपलीकडच्या आर्वीत लख्ख ऊन कसं काय असू शकतं?

थोडक्यात उत्तर

• एकसारखं तापमान आणि एकसारखा ओलावा असलेल्या हवेच्या मोठ्या साठ्याला वायुराशी म्हणतात. दोन वेगळ्या वायुराशींच्या मधल्या सीमेला 'आघाडी' म्हणतात.
• युरोप-अमेरिकेत ही सीमा प्रामुख्याने थंड आणि उष्ण हवेची असते. वऱ्हाडात ती बहुतेक वेळा कोरड्या आणि दमट हवेची असते.
• ही सीमा एका जागी थांबत नाही. ती पूर्वेला किंवा पश्चिमेला थोडी जरी सरकली, तरी वादळाचा पट्टा एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातो.
• म्हणूनच अंदाजात गावाचं नाव नसतं, 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलेलं असतं. त्या शब्दांनाही ठरलेला अर्थ आहे.

वायुराशी म्हणजे काय?

हवा जिथे मुक्काम करते, तिथले गुण घेते. थरच्या वाळवंटावर किंवा राजस्थान-मध्य प्रदेशच्या कोरड्या जमिनीवर काही दिवस रेंगाळलेली हवा कोरडी होते. उन्हाळ्यात ती तापते, हिवाळ्यात रात्री गार पडते. बंगालच्या उपसागरावर रेंगाळलेली हवा समुद्राची वाफ घेऊन दमट होते. अशा शेकडो किलोमीटर पसरलेल्या, साधारण एकाच स्वभावाच्या हवेला वायुराशी म्हणतात.

अशा दोन वायुराशी समोरासमोर आल्या की लगेच एकजीव होत नाहीत. मिसळायला वेळ लागतो, आणि वारे त्यांना त्याआधीच एकमेकींवर ढकलत राहतात. त्यामुळे दोघींच्या मध्ये एक अरुंद पट्टा तयार होतो. या पट्ट्याच्या एका बाजूला एक हवामान असतं, दुसऱ्या बाजूला दुसरं. नकाशावर तो रेषेसारखा काढतात. प्रत्यक्षात तो काही किलोमीटर ते काही दहा किलोमीटर रुंदीचा असू शकतो.

या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी हवा येते. जमीन खाली आहे, त्यामुळे खाली जायला जागा नाही. मग जादा हवेला एकच वाट उरते, वर जाण्याची. वर गेलेली हवा थंड होते, तिच्यातली वाफ थेंब बनते आणि ढग तयार होतो. जगभरातल्या आघाड्यांवर पाऊस का पडतो, याचं मूळ एवढंच आहे.

'आघाडी' हा शब्द आला युद्धातून

हवेच्या सीमेला रणांगणावरचा शब्द मिळाला, त्यामागे पहिलं महायुद्ध आहे. तेव्हा नॉर्वे तटस्थ होता. पण युद्धामुळे शेजारी देशांकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद झाल्या आणि बाहेरून येणारं धान्यही आटलं. देशातच जास्त पिकवणं भाग होतं, आणि त्यासाठी शेतकऱ्याला पावसाचा अंदाज हवा होता.

बर्गन शहरात काम करणारे शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेमध्ये निरीक्षणाची ठिकाणं भराभर वाढवली. इतक्या जवळजवळच्या ठिकाणांच्या नोंदी नकाशावर मांडल्यावर एक गोष्ट समोर आली. वारा आणि तापमान हळूहळू बदलत नव्हतं, ते एका रेषेवर अचानक बदलत होतं. त्यांचा तरुण मुलगा जेकब ब्यर्कनेस याने १९१९ साली या रेषांवरून चक्रीय वादळांची रचना मांडली. थंड आणि उष्ण हवेच्या जणू दोन फौजा, मध्ये सतत पुढे-मागे होणारी सीमा. युरोपात वर्तमानपत्रं रोज युद्धाच्या 'फ्रंट'च्या बातम्या छापत होती. तोच शब्द हवेला चिकटला. मराठीत त्याचं 'आघाडी' झालं. काही पुस्तकांत 'सीमापृष्ठ' असाही शब्द भेटतो.

थंड हवा पुढे सरकून उष्ण हवेला वर ढकलते तेव्हा ती शीत आघाडी. उष्ण हवा थंड हवेवर चढत जाते तेव्हा ती उष्ण आघाडी. परदेशी नकाशांवर निळे त्रिकोण आणि लाल अर्धगोल असलेल्या रेषा दिसतात, त्या याच.

मग वऱ्हाडात शीत आघाडी येते का?

पुस्तकात असते तशी, जमिनीवर ठळक दिसणारी, फारच क्वचित. कारण तिवसा २१ अक्षांशाच्या आसपास आहे, म्हणजे उष्ण कटिबंधात. ध्रुवाकडची थंड हवा इथपर्यंत पोहोचेस्तोवर वाटेत बरीच तापलेली असते. शिवाय भारताच्या उत्तरेला हिमालयाची भिंत आहे.

तरी थंड हवेची बाजू वऱ्हाडाला अगदीच अनोळखी नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने हवेच्या हालचाली जेट स्ट्रीम या उंचावरच्या वेगवान वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे येतात. त्यांना पश्चिमी चक्रावात म्हणतात. बातम्यांमध्ये 'पश्चिमी झंझावात' किंवा 'पश्चिमी विक्षोभ' अशीही नावं असतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा चक्रावात येतात. ते काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात आणि त्यांच्या मागून उत्तरेची थंड कोरडी हवा खाली उतरते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत घसरलं होतं, ते अशाच उत्तरेच्या हवेमुळे.

त्यामुळे व्हॉट्सॲपवरचा 'कोल्ड फ्रंट' हा शब्द सपशेल खोटा नसला तरी दिशाभूल करणारा आहे. थंडीची लाट येते तेव्हा कोरडी हवा येते, आणि एकट्या कोरड्या हवेतून गारा पडत नाहीत. गारांसाठी दुसरा भिडू लागतो, तो म्हणजे ओलावा.

वऱ्हाडावरची सीमा: एका बाजूला कोरडं, दुसऱ्या बाजूला ओलं

तिवसा अमरावती-नागपूर महामार्गावर आहे. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला बंगालचा उपसागर, दोन्ही ५०० किलोमीटरहून जास्त दूर. म्हणजे समुद्राची हवा इथे आपोआप येत नाही, वाऱ्याने आणावी लागते. वाराही एकाच दिशेने येत नाही.

फेब्रुवारीनंतर बंगालच्या उपसागरावर अनेकदा हवेच्या जास्त दाबाचं क्षेत्र तयार होतं. त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. त्यामुळे त्याच्या पश्चिम कडेवरून समुद्राची दमट हवा आंध्र, तेलंगणा ओलांडून विदर्भात शिरते. त्याच वेळी वायव्येकडून, म्हणजे राजस्थान-मध्य प्रदेशकडून, कोरडी हवा येत असते. या दोघींची गाठ अनेकदा विदर्भ-मराठवाड्याच्या पट्ट्यात पडते. हवामान खातं ज्याला 'वारा खंडितता' म्हणतं, ती हीच जागा. रेषेच्या एका बाजूला वाऱ्याची दिशा एक, दुसऱ्या बाजूला वेगळी.

कोरड्या आणि दमट हवेच्या अशा सीमेला कोरडी रेषा म्हणतात. अमेरिकेतल्या टेक्सास-ओक्लाहोमाच्या मैदानांवरची कोरडी रेषा तिथल्या प्रचंड वादळांसाठी प्रसिद्ध आहे. भारतातही उत्तरेकडच्या अशाच रेषेचा अभ्यास १९७२ साली के. जे. वेस्टन या संशोधकाने प्रसिद्ध केला. बंगालमधली वैशाखातली 'कालबैसाखी' वादळंही कोरडी हवा आणि उपसागराची दमट हवा यांच्या भेटीतूनच जोर धरतात.

कोरडं-ओलं म्हणजे किती फरक? एक उदाहरण घेऊ. मार्चची दुपार, तापमान ३५ अंश. हवेतला ओलावा मोजायला दवबिंदू वापरतात. हवा ज्या तापमानाला थंड केली की तिच्यातली वाफ दव बनू लागते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. समजा कोरड्या बाजूला दवबिंदू ५ अंश आहे. मग एक घनमीटर हवेत साधारण ६ ग्रॅम वाफ असेल. दमट बाजूला दवबिंदू १८ अंश असेल, तर तेवढ्याच हवेत १४ ग्रॅमहून जास्त. थर्मामीटर दोन्हीकडे ३५ दाखवेल, पण वादळाला मिळणारा माल दुपटीहून जास्त.

ढग किती उंचीवर तयार होणार, हेही यावरच ठरतं. ढोबळ हिशेब असा: तापमान आणि दवबिंदू यांत जितक्या अंशांचा फरक, त्याला १२५ ने गुणा, तेवढ्या मीटरवर ढगाचा तळ. कोरड्या बाजूला तो पावणेचार किलोमीटरवर जातो. दमट बाजूला जेमतेम दोन किलोमीटरवर. एवढ्या उंचावरच्या ढगातून पडलेला थेंब अनेकदा वाटेतच सुकून जातो. एप्रिल-मे महिन्यात अकोल्याकडे ढग दाटून येतात, वारा सुटतो, धूळ उडते, पण अंगणही भिजत नाही. त्यामागचं एक कारण हे आहे.

गार तयार कशी होते?

दमट हवा वर चढते तेव्हा तिच्यातली वाफ थेंब बनते आणि उष्णता बाहेर पडते. पाणी उकळून वाफ करायला उष्णता द्यावी लागते, तीच उष्णता वाफेचं पाणी होताना परत मिळते. त्यामुळे वर जाणारी हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलकी राहते आणि आणखी जोरात वर जाते. खालून ओलावा मिळत राहिला, तर ढग दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून उंच वाढतो. हाच विजा पाडणारा क्युम्युलोनिंबस ढग.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वऱ्हाडावर शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटरवर असते. त्याच्या वरचे थेंब शून्याखाली जाऊनही लगेच गोठत नाहीत. अशा पाण्यात बर्फाचा एखादा कण सापडला की थेंब त्याला आदळून गोठतात आणि कणावर थर चढत जातात. खालून येणारा वारा त्या गोळ्याला जोवर पेलतो, तोवर तो वाढत राहतो. वजन पेलवेनासं झालं की गार खाली येते. लिंबाएवढी गार तोलून धरायला ढगातला वर जाणारा वारा ताशी ७०-८० किलोमीटर किंवा त्याहून वेगवान असावा लागतो. म्हणून गारेचा आकार सांगतो की ढग किती ताकदीचा होता.

इथे पश्चिमी चक्रावाताची खरी भूमिका येते. तो उंचावर थंड हवा आणतो. खाली दमट आणि गरम, वर थंड आणि कोरडी, अशी मांडणी झाली की वर जाणाऱ्या हवेचा जोर वाढतो. शिवाय शून्य अंशाची पातळी खाली असल्यामुळे गारेला जमिनीवर पोचेपर्यंत वितळायला कमी वेळ मिळतो. पावसाळ्यात ओलावा यापेक्षा कितीतरी जास्त असतो, पण शून्याची पातळी पाच किलोमीटरच्या वर जाते आणि वरच्या थरातही हवा उबदार असते. म्हणून जुलै-ऑगस्टच्या धो-धो पावसात गारा पडत नाहीत, आणि मार्चच्या अर्ध्या तासाच्या पावसात पडतात.

ओलावा असूनही वादळ होत नाही, असं का?

हवामानाचा अंदाज 'चुकला' असं सर्वाधिक वेळा वाटतं, ते याच प्रश्नामुळे. पूर्वेची दमट हवा आली, दुपारी घामाच्या धारा लागल्या, इशाराही होता, पण संध्याकाळी काहीच झालं नाही.

बहुतेक वेळा कारण असतं वरचं झाकण. जमिनीजवळच्या दमट हवेच्या डोक्यावर एक-दोन किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून आलेला उष्ण कोरडा थर पसरलेला असतो. खालची हवा वर जाऊ बघते, पण या थरातली हवा तिच्यापेक्षा गरम असल्यामुळे ती तिथेच अडते. दुपारचं ऊन किंवा रेषेवरची रेटारेटी झाकण फोडू शकली, तर दिवसभर साठलेली ताकद एकदम मोकळी होते आणि वादळ जोरदार होतं. फोडू शकली नाही, तर नुसता उकाडा. म्हणजे झाकण वादळ रोखतंही आणि झालंच तर त्याला भयंकरही करतं. नागपूरहून हवामान खातं फुग्याला उपकरण बांधून वरच्या हवेचं तापमान आणि ओलावा मोजतं, ते असले थर कळावेत म्हणून.

२०१४: रेषा हललीच नाही तेव्हा

एका दिवसाची गारपीट ही एक गोष्ट. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राने जे पाहिलं, ते वेगळंच होतं. विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र, राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांत दोन-तीन आठवडे पुन्हा पुन्हा गारपीट झाली. काही ठिकाणी शिवारं पांढरी झाल्याचे फोटो तेव्हा देशभर फिरले. गहू, हरभरा, रब्बी ज्वारी, द्राक्षं, डाळिंब, संत्री, सगळीकडे नुकसान झालं.

नंतर शास्त्रज्ञांनी या घटनेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच दोन गोष्टी समोर आल्या: उत्तरेकडून उंचावर घुसणारी थंड कोरडी हवा आणि समुद्रावरून खालच्या थरात येणारी उबदार दमट हवा. वेगळेपण असं की एरवी एक-दोन दिवसांत मोडणारी ही मांडणी पुन्हा पुन्हा जमून येत राहिली. ज्या महिन्यात मध्य भारतात सहसा निरभ्र आकाश असतं, त्या महिन्यात दोन वायुराशींची सीमा जणू राज्यावर मुक्कामाला होती.

वऱ्हाडातल्या संत्रा उत्पादकाला फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट दोन्हीकडून मारते. मृग बहाराची फळं तेव्हा तोडणीला आलेली असतात. आंबिया बहाराची झाडं फुलोऱ्यात असतात किंवा त्यांना नुकती बारीक फळं धरलेली असतात. एकाच वादळात चालू हंगामाचं पीक आणि पुढच्या हंगामाची आशा, दोन्ही झाडाखाली पडू शकतात. शिवाय फळाला गार लागली की तिथे डाग राहतो किंवा जखमेतून सड शिरते. झाडावर टिकलेलं फळही मग बाजारात भाव घेत नाही.

एका गावात गारा, शेजारी ऊन: कसं?

याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे सीमा अरुंद असते आणि ती हलते. दिवसा कोरड्या बाजूची हवा तापून वर-खाली घुसळते आणि रेषा दमट बाजूला सरकते. रात्री जमीन थंड होते, घुसळण थांबते आणि दमट हवा पुन्हा पुढे येते. सकाळी वाशिमजवळ असलेली रेषा संध्याकाळी आणखी पूर्वेला असू शकते.

दुसरं कारण म्हणजे गारांचा पट्टा मूळ ढगापेक्षाही लहान असतो. ढग वीस किलोमीटर रुंद असला, तरी जिथे वारा सर्वात जोरात वर जातो तिथेच मोठ्या गारा बनतात. ढग पुढे सरकतो आणि मागे काही किलोमीटर रुंदीची गारांची पट्टी सोडून जातो. म्हणूनच मोझरीत गारा आणि कुऱ्ह्यात नुसते चार थेंब, असं होऊ शकतं.

याच वेळी एक छोटी आघाडी घराच्या ओट्यावरूनही अनुभवता येते. वादळ अजून दूर असतं, तोच अचानक गार वाऱ्याचा लोट येतो, धूळ उडते, दारं-खिडक्या आपटतात, पारा काही मिनिटांत बराच खाली येतो. हा वारा ढगातूनच आलेला असतो. पडणारा पाऊस आणि वितळणाऱ्या गारा हवेला थंड आणि जड करतात. ती हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. या थंड हवेची पुढची कड म्हणजे काही किलोमीटरची शीत आघाडीच. पुस्तकातली शीत आघाडी वऱ्हाडात येत नसली, तरी ही लहान आघाडी दर उन्हाळ्यात अनेकदा येऊन जाते. तिच्या पुढची दमट हवा वर ढकलली गेली की तिथे नवा ढग तयार होतो. त्यामुळे एक वादळ विरलं तरी तासाभराने दुसऱ्याच दिशेला नवं उभं राहतं.

वर्षभरात ही सीमा कुठे असते?

नोव्हेंबर ते जानेवारी: वऱ्हाडावर बहुतेक वेळ उत्तरेची कोरडी हवा. एखाद्या चक्रावातासोबत किंवा समुद्रातल्या वादळाच्या प्रभावाने ओलावा आलाच, तर अवकाळी पाऊस. तुरीला आणि वेचणीच्या कापसाला धोका.

फेब्रुवारी ते मे: सीमेचा खरा हंगाम. गारपीट मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. मेमध्ये उष्णता वाढते, शून्याची पातळी वर जाते, तेव्हा गारांपेक्षा वादळी वारा आणि विजांचा धोका जास्त.

जून ते सप्टेंबर: जूनच्या मध्याच्या सुमारास मान्सून विदर्भात पोहोचतो आणि सारा प्रदेश दमट हवेखाली जातो. कोरडी-ओली रेषा वायव्येला, राजस्थान-पाकिस्तानच्या बाजूला ढकलली जाते. विदर्भाचा पाऊस आता बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो.

ऑक्टोबर: पहिल्या पंधरवड्यात कोरडी हवा परत येते आणि मान्सून माघारी फिरतो. माघार जाहीर करताना हवामान खातं फक्त पाऊस थांबला का हे बघत नाही, हवेतला ओलावा घटला का आणि वरच्या वाऱ्यांचं चक्र बदललं का, हेही तपासतं. सोयाबीनच्या गंज्या वावरात असताना होणारी विजांची वादळं अनेकदा याच अदलाबदलीतली.

अंदाज वाचायचा कसा?

विदर्भासाठीचा अंदाज हवामान खात्याच्या नागपूर केंद्रातून दिला जातो. त्यातले शब्द मोजून-मापून वापरलेले असतात.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. म्हणजे 'अमरावती जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपीट' असा अंदाज असेल आणि तिवस्यात काही पडलं नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. मुळात तो सांगत होता की चारातल्या तीन किंवा त्याहून जास्त ठिकाणी काही होणार नाही. फक्त ती ठिकाणं कोणती, हे दोन दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही.

रंगांचाही अर्थ ठरलेला आहे. हिरवा: काळजीचं कारण नाही. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयारीत राहा. लाल: आता कृती करा. गारपिटीचा नारिंगी इशारा म्हणजे गारा पडणारच असं नाही, पण सोंगून पसरलेला हरभरा झाकायला ताडपत्री शोधण्याची वेळ झाली, असा त्याचा व्यवहारी अर्थ आहे.

दोन दिवस आधीचा अंदाज जिल्ह्याचा असतो. वेळ जवळ आली की चित्र स्पष्ट होतं. नागपूरचं डॉप्लर रडार ढगातले थेंब आणि गारा टिपतं, आणि तिवसा त्याच्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर, म्हणजे त्याच्या टप्प्यात आहे. रडार आणि उपग्रहाच्या आधारे पुढच्या तीन तासांसाठी इशारे निघतात. इन्सॅट उपग्रहांची पाण्याच्या वाफेची चित्रंही कुणालाही बघता येतात. त्यात ओली हवा उजळ आणि कोरडी हवा गडद दिसते. दोन्हींच्या मधली कड महाराष्ट्रावर आली की मार्चमध्ये लक्ष ठेवलेलं बरं. ही चित्रं वातावरणाच्या वरच्या थरांची असतात, जमिनीजवळच्या ओलाव्याचा अंदाज त्यावरून थेट लावू नये, एवढं लक्षात ठेवावं.

विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे मोबाइल ॲप बनवलं आहे. आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते सांगतं. गार लागून माणूस दगावण्यापेक्षा वीज पडून दगावण्याचा धोका वावरात कितीतरी जास्त असतो. गार वाऱ्याचा तो लोट आला, की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जायचं. घर जवळ नसेल, तर उंच झाडं, विजेचे खांब आणि तारेचं कुंपण यांच्यापासून दूर राहायचं.

फॉरवर्ड करण्याआधी

हवामानाचा मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासल्या तरी पुरे.

तारीख आहे का? २०१४ आणि २०१८ च्या गारांचे फोटो आणि व्हिडिओ दर वर्षी 'आत्ताचे' म्हणून फिरतात.

गावाचं नाव आणि तासाची वेळ दोन-चार दिवस आधी सांगितली आहे का? 'गुरुवारी दुपारी ३ वाजता तिवस्यात लिंबाएवढ्या गारा' असं कुणी सोमवारी सांगत असेल, तर तो अंदाज नाही. सीमा दिवसभरात किती सरकेल आणि झाकण फुटेल की नाही, हे इतक्या आधी गावापुरतं कळत नाही.

कुठल्या ॲपवरचा रंगीत नकाशा आहे? 'विंडी'सारख्या ॲपवरचे रंग संगणकाच्या एका गणिताचं उत्तर असतं. दोन वेगळी गणितं निवडली तर एकाच दिवसाची दोन वेगळी चित्रं दिसतात. फरक मोठा असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की सीमा कुठे बसेल हे अजून नक्की नाही.

आणि गारा पडल्याच, तर फोटोत गारेशेजारी ओळखीची वस्तू ठेवावी, एखादं नाणं किंवा काडीपेटी, आणि वेळ आणि गाव लिहावं. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी, असा आकार सांगितला तरी उपयोग होतो. देशाच्या नैसर्गिक आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, त्यामुळे पंचनाम्यात नुकसान पावसाने झालं की गारांनी, ही नोंद महत्त्वाची ठरते. शास्त्रज्ञांनाही अशा नोंदींची गरज असते, कारण पाच किलोमीटर रुंदीची गारांची पट्टी दोन हवामान केंद्रांच्या मधून सहज निसटते. शंभर वर्षांपूर्वी नॉर्वेत निरीक्षणाची ठिकाणं जवळजवळ आणली, तेव्हाच हवेतल्या रेषा पहिल्यांदा दिसल्या होत्या.